नंदूचं अंग, दुसऱ्याचं डोकं

"डोकं पुढच्या आठवड्यात येईल," ब्रॉनविन म्हणाली आणि माझ्या नवऱ्याच्या पोटाभोवती ओलं फडकं गुंडाळायला लागली.

म्हणजे मातीच्या नवऱ्याच्या. खरा नंदू कोपऱ्यातल्या हीटरपाशी उभा राहून शर्टाची बटणं लावत होता. मी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तीच वर आलेली गळ्याची हाडं, तेच पाठीला चिकटलेलं पोट, दंडावरच्या त्याच शिरा. डाव्या हाताची करंगळीसुद्धा तीच. गोदामात एकदा पॅलेट पडून ती मोडली आणि नीट जुळलीच नाही, तेव्हापासून बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखी बाजूला उभी असते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नंदू वरण वाढतो तेव्हा पळीवरची ती करंगळी बघून सगळे हसतात. आता ती फावड्याच्या दांड्यावर तशीच उभी होती. मानेच्या वर मात्र नुसती लोखंडी सळई.

"डोकं कोणाचं?" मी विचारलं.

"कौन्सिलर फ्लेचरच्या आजोबांचं. फोटो दिलाय त्यांनी." ब्रॉनविन हात पुसत म्हणाली. "मला नंदूचंच हवं होतं. पण कौन्सिल म्हणालं, लोकांचा गोंधळ होईल."

"कसला गोंधळ?"

ती लालबुंद झाली. गोऱ्या माणसांचं हे एक बरं असतं, लाज वाटली की दिसते. नंदूने मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं आणि आपला रिकामा डबा उचलला. हो, डबा. पुतळ्यासाठी उभं राहायलाही तो पोळीभाजीचा डबा घेऊन यायचा.

हा पुतळा म्हणजे आमच्या कौन्सिलचा नवा छंद होता. नव्वद वर्षांपूर्वीच्या मंदीत बेकार झालेल्यांना सरकार फुकट खायला घालायला तयार नव्हतं. आधी राबा, मग धान्याची कुपनं घ्या. अशा माणसांना इथे 'सस्सो' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नाही. त्यांनी आमच्या डँडेनॉन्ग उपनगरातल्या ओढ्याचे ढासळणारे काठ दगडांनी बांधून काढले, उघड्याबोडक्या उतारावर झाडं लावली. ती झाडं आज आभाळाला टेकली आहेत आणि त्याला रिझर्व्ह म्हणतात. जिवंत होती तोवर त्या माणसांना कुणी विचारलं नाही. आता सगळी मेल्याची खात्री झाल्यावर कौन्सिलला त्यांचा अभिमान वाटायला लागला होता. त्या ओढ्याकाठच्या भिंतीतले दगड दोन ठिकाणी निखळलेत, ते बसवावेत असं कुणाच्या मनात आलं नाही. ब्राँझचा माणूस मात्र हवा होता.

आणि माझा नवरा त्यात सापडला, कारण तो स्वतःही बेकार होता.

मार्चमध्ये नंदूच्या गोदामात आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्या. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना केक कापून निरोप दिला. केकवर 'थँक यू लेजंड्स' लिहिलं होतं. ही गोष्ट नंदूने मला सांगितली, आमच्या ओवीला सांगितली, आणि तिसऱ्या कुणाला सांगायची नाही अशी आम्हा दोघींना शपथ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे उठला, नारिंगी जॅकेट घातलं, डबा घेतला आणि निघाला.

"कुठे?" मी विचारलं.

"शिफ्टला," तो म्हणाला. "समोर सुरुची उभी आहे बागेत. तिला हात करून जातो."

सुरुची म्हणजे मंडळाच्या अध्यक्षाची बायको. अध्यक्ष यतिन. दोघं आमच्या बरोबर समोर राहतात. पुण्याहून आयटीच्या व्हिसावर आलेली, बोलायला गोड, आणि कुणाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. आम्ही दोघं विद्यार्थी म्हणून आलो, मी कुकरीचा डिप्लोमा केला आणि त्याच्या जोरावर कायमच्या वास्तव्याची पीआर मिळाली. मंडळात ते कुणी कधी बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही. नंदूला त्यांच्यासमोर बेकार व्हायचं नव्हतं. म्हणून तो रोज जॅकेट घालून निघायचा, कोपऱ्यावरून स्टेशनमागच्या बोळात वळायचा, फॉस्टर स्ट्रीटवरची ओळखीची दुकानं टाळायचा आणि रिझर्व्हमध्ये जाऊन ओढ्याकाठच्या दगडी भिंतीवर दुपारपर्यंत बसायचा. मोबाइलवर अर्ज करायचा. डबा खायचा. मग शिफ्ट सुटायच्या वेळेला परत.

इतकं बावळट नाटक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तसं मी त्याला रोज सांगतही होते.

त्या भिंतीवर ब्रॉनविनने त्याला गाठलं. कौन्सिलने तिच्याकडे जिममध्ये कमावलेली दोन पोरं पाठवली होती. तिला भुकेला दिसणारा माणूस हवा होता, आणि तसा तिला अख्ख्या उपनगरात मिळत नव्हता. नंदू जन्मापासून काडी. सासूबाईंनी तूप, खारीक, अळीव सगळं करून पाहिलं, त्याच्या अंगाला काही लागलं नाही. ते सगळं शेवटी कामाला आलं म्हणायचं.

"काम आहे ते, चित्रा," पहिल्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला. चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. "नुसतं उभं राहायचं, पण काम आहे."

"उघडं उभं राहायचं. थंडीत."

"बनियन असतो. आणि हीटर आहे तिच्याकडे."

"Dad, that's actually pretty cool," ओवी म्हणाली. ती युनिला असल्यामुळे तिला सगळंच cool वाटतं.

त्या दिवसापासून त्याच्या तोंडी खरीखुरी शिफ्ट आली. आज शिफ्टला जरा गारठा होता. आज शिफ्टला खांदे झाले. मी वैतागायचे, पण डबा मात्र नीट भरून द्यायला लागले.

पुतळ्याखालच्या पाटीवर त्याचं नाव घालायचं ब्रॉनविनने ठरवलं होतं. डोकं फ्लेचरचं तर फ्लेचरचं, निदान अंग ज्याचं त्याचं नाव तरी असू दे, असा तिचा विचार. नंदूने साफ नकार दिला.

"यतिनने वाचलं तर?" तो मला म्हणाला. "दर आठवड्याला भर दुपारी हा तिथे काय करत होता, असं विचारणार नाही तो?"

"एवढी लाज वाटते तर पुतळा कशाला झालास?"

"डोकं माझं नाहीये ना. कोण ओळखणारे?"

बिनडोकपणाची याहून मोठी कमाल असेल असं मला वाटलं नाही. कौन्सिल मात्र खूश झालं. पाटीवर त्यांनी जागा रिकामी सोडली नाही, फ्लेचरचं आडनाव मोठ्या अक्षरांत घातलं.

मी नर्सिंग होमच्या किचनमध्ये काम करते. तिथे नेल नावाची म्हातारी आहे, शंभरीला टेकलेली, दात नाहीत, जिभेला धार मात्र शाबूत. तिला भरवायला माणसं कमी पडली की मीच जाते. एकदा टीव्हीवर पुतळ्याची बातमी लागली आणि ती एकदम म्हणाली, "माझे वडील होते तिथे. सस्सोवर."

मी फ्लेचरच्या आजोबांचं नाव काढलं.

"फ्लेचर?" नेलने भोपळ्याचा घास परत वाटीत टाकला. "तो मुकादम होता. खोक्यावर बसून शिट्टी वाजवायचा. कुणी पाठ सरळ केली की वाजवायचा."

"आणि तुमचे वडील?"

"वडील रोज लांबच्या वाटेने घरी यायचे. मागच्या गल्लीतून. त्यांना सरकारने लष्करातला जुना कोट दिला होता, काळा रंगवलेला. बाहेरून बघताच कळायचं, सस्सोवाला आहे. तो काढून बगलेत धरायचे, पाऊस असला तरी. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. सगळ्या गल्लीला माहीत होतं. अर्धी गल्ली त्याच कामावर होती. सगळे एकमेकांपासून लपवायचे."

मला रडू आलं. किचनमध्ये जाऊन मी तोंड धुतलं. घरी आल्यावर नंदूने स्टेशनमागच्या बोळातून येऊन फाटक उघडलं, समोर सुरुचीला हात केला, तेव्हा मला त्याच्यावर नेहमीसारखं खेकसता आलं नाही.

अनावरण नोव्हेंबरातल्या शनिवारी होतं. कौन्सिलने सगळ्या समाजांना बोलावलं, आणि यतिनने मंडळासाठी कार्यक्रमात जागा पटकावली. ग्रुपवर त्याचे मेसेज सुरू झाले. पुरुषांनी फेटे, बायकांनी नऊवारी, आपण पुतळ्याला हार घालणार, फोटो पेपरात येणार. नंदूने लिहिलं, ओव्हरटाइम आहे, जमलं तर सुटून येतो. त्यामुळे त्या दिवशीही बिचारा जॅकेट घालून, डबा घेऊनच आला आणि निलगिरीच्या खोडापाशी सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

मी पुढे होते, कारण नर्सिंग होमच्या बसमधून नेलला आणलं होतं आणि तिची व्हीलचेअर माझ्याकडे होती. ओवी शेजारी. एका बाजूला सॉसेज भाजत होते. त्या धुरात फ्लेचरने पुतळ्यावरचं कापड ओढलं.

टाळ्या झाल्या. मी वर पाहिलं. नंदूच्या काटकुळ्या मानेवर एक गोल, तुकतुकीत, पोटभर जेवलेलं डोकं बसवलं होतं, काठीवर फणस ठेवावा तसं. गळ्याची हाडं उपाशी आणि वर हनुवटीखाली वळी. हे विजोड प्रकरण शे-दीडशे माणसं मान वर करून बघत होती आणि एकालाही खटकत नव्हतं. फ्लेचर माइकवर बोलत होता. जिद्द. माणुसकी. हाताला घट्टे. "माझ्या आजोबांनी स्वतःच्या हातांनी हा काठ बांधला," तो म्हणाला.

"Never lifted a bloody shovel," नेल मोठ्याने म्हणाली. पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून तिच्याकडे म्हाताऱ्यांकडे बघतात तसं गोड हसून बघितलं.

मग मंडळाचं नाव पुकारलं. यतिन फेटा सावरत पुढे झाला. हातात फॉस्टर स्ट्रीटवरून आणलेला झेंडूचा हार, हाताएवढा जाड. पुतळ्याशेजारी पायऱ्यांची छोटी शिडी ठेवली होती. सुरुचीने मोबाइल उभा धरला. यतिन शिडीवर चढला आणि त्याने हार उचलला.

मी काही शकुन-अपशकुन मानणारी बाई नाही. आम्ही पहिली गाडी अमावस्येला घेतली, आणि भर श्रावणात मी किचनमध्ये लँब रोस्ट करते. पण जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते आपलं माहीतच असतं. आणि तो हार खाली येत होता तो कुणा फ्लेचरच्या गळ्यात नाही. ज्या हाडांवर हात ठेवून मी रोज झोपते त्या हाडांवर येत होता. मला पुढचं काही सुचलं नाही. मी व्हीलचेअर ओवीकडे ढकलली आणि शिडीशी जाऊन यतिनचा हात धरला.

"घालू नकोस."

"अगं, काय झालं?"

"नको म्हटलं ना."

"चित्रा, कौन्सिलर बघतोय. काय प्रॉब्लेम आहे?"

काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर नंदूने आठ महिने जपलेलं सगळं चार लोकांत उघडं पडलं असतं, आणि तेही माझ्या तोंडून. नाही सांगितलं तर हार पडत होता. मी म्हटलं, "ब्राँझवर डाग पडतात झेंडूचे."

यतिनने फ्लेचरकडे बघून इंग्रजीत विचारलं.

"No worries, mate, go for it," फ्लेचर म्हणाला. "We'll hose it off on Monday."

यतिनने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि हात सोडवून घेतला. मी मागे नंदूकडे पाहिलं. मला वाटलं तो पळून जाईल. त्याने पळून जावं असंही मला क्षणभर वाटलं, मग काय ते माझं मी बघितलं असतं.

"यतिन, थांब," नंदू म्हणाला. मोठ्याने नाही, पण मराठीत म्हणाला आणि आमच्या सगळ्या फेट्यांनी मागे वळून पाहिलं. "तो मी आहे."

"काय?"

नंदू लोकांमधून वाट काढत आला. डबा त्याने माझ्या हातात दिला. मग डावा हात वर करून फावड्यावरच्या हाताशेजारी धरला. दोन करंगळ्या शेजारी शेजारी, दोन्ही तशाच बाजूला उभ्या.

"अगंबाई," सुरुची म्हणाली. तिने मोबाइल खाली केला. "ही तर वरणाची करंगळी."

"पण हे कधी केलंस तू?" यतिन अजून शिडीवरच होता. "तू तर शिफ्टला..."

"शिफ्ट नाहीये. मार्चपासून नोकरी नाहीये." नंदू म्हणाला. "सकाळी निघायचो ते इथे येऊन बसायचो. त्या तिथे, भिंतीवर. हिचं काही चुकलं नाही, मीच हिला बोलू दिलं नाही."

यतिन नुसता हार धरून उभा होता.

"What's he saying?" फ्लेचरने विचारलं.

"He's saying it's him," ओवी म्हणाली. "The statue. From the neck down."

फ्लेचर हसला आणि बरोबर हसायला कोण आहे ते बघायला लागला. ब्रॉनविन हसली नाही. ती माइकपाशी जाऊन नंदूचं नाव सांगायला लागली होती, पण माइक बंद केलेला होता, आणि लोक सॉसेजच्या रांगेकडे निघाले होते. तिच्या तोंडात आमचं 'कारखानीस' नीट बसतही नव्हतं.

यतिन शिडीवरून उतरला. "सांगायचंस रे नंद्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी काय परका आहे?"

आहेस, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तो रडवेला दिसत होता, म्हणून सोडून दिलं.

"मग आता याचं काय करायचं?" त्याने हार पुढे केला.

नेलने विचारलं, ही फुलं कसली. मी तिला सांगितलं, आमच्यात ही मेलेल्या माणसांच्या फोटोला घालतात.

"मग चुकीच्या ठिकाणी आणलीत," ती म्हणाली आणि बोटाने ओढ्याकडे दाखवलं. "तो वळणावरचा भाग वडिलांनी केलाय. जिथे काठ सगळ्यात उतरता आहे तिथे."

नंदूने हार घेतला. तो उतारावरून खाली गेला, मागोमाग यतिन फेटा धरून घसरत, आणि मग बाकीचे. सुरुचीने सवयीने चपला काढल्या. वळणावर नंदूने हार भिंतीच्या माथ्यावर लांब पसरून ठेवला, दगड निखळलेल्या जागेवरून पलीकडे जाईल असा. कुणी फोटो काढला नाही. वरून सॉसेजचा वास येत होता आणि फ्लेचर कुणाला तरी आजोबांबद्दल सांगत होता.

नेलला बसमध्ये चढवल्यावर आम्ही चालत निघालो. स्टेशनमागच्या बोळापाशी नंदूचे पाय सवयीने आत वळले. तो थांबला. मग परत फिरला आणि फॉस्टर स्ट्रीटला लागला. आम्ही दोघी मागून.

भाजीच्या दुकानापाशी दुकानदाराने त्याला बघितलं. "क्या नंदू भाई, कितने महीने बाद," तो म्हणाला. "आज छुट्टी?"

"नौकरी नहीं है भाई. मार्च से."

दुकानदाराने एक पिशवी काढून त्याच्यापुढे केली. "तोंडली ताजी हैं," तो म्हणाला.

"दे दो."

त्याने मूठ भरभरून तोंडली टाकायला सुरुवात केली. नंदूने दोन्ही हातांनी पिशवी उघडून धरली होती, करंगळी बाहेर.